पुण्याच्या थंडीला लहान आग: गॅरेजमधल्या वर्कशॉपसाठी लाकडाची शेगडी

प्रश्न थोडक्यात असा आहे. धायरीत बंगल्याला लागून दहा बाय वीस फुटांचं गॅरेज, गाडी बाहेर, आत सुतारकामाचं वर्कशॉप. वर पत्रा, पुढे शटर, बाकी विटांच्या भिंती. डिसेंबर-जानेवारीत पहाटे सहाला कामाला उभं राहिलं की बोटं आखडतात, डिंक धरत नाही. वेल्डिंग येतं, म्हणून दोनशे लिटरच्या ड्रमची शेगडी बनवायचा विचार आहे. ड्रम चालेल का, धुराडं शटरच्या वरच्या फटीतून बाहेर काढता येईल का, आणि कामातून उरलेले प्लायचे आणि एमडीएफचे (लाकडाचा भुगा डिंकात दाबून केलेल्या फळीचे) तुकडे त्यात जाळता येतील का?

तिन्ही गोष्टींना माझं उत्तर नाही असं आहे. ड्रम नको, फटीतून आडवं काढलेलं धुराडं नको, आणि प्लाय-एमडीएफ तर मुळीच नको. शेगडी मात्र जरूर होईल, चांगली होईल, आणि तुम्हाला वेल्डिंग येत असेल तर दोन रविवारांचं काम आहे. फक्त ती तुम्ही मनात धरलीय त्यापेक्षा बरीच लहान हवी.

लहान का, ते आकड्यांतून बघू. शिवाजीनगरच्या वेधशाळेत या दिवसांत रात्रीचं किमान तापमान १० ते १२ अंशांच्या आसपास असतं. थंडीची लाट आली की ते आणखी खाली जातं, आणि पाषाण, एनडीए या बाजूला शहरापेक्षा गारठा जास्तच असतो. १७ जानेवारी १९३५ ला पुण्यात १.७ अंशांची नोंद झालेली आहे, पण तसल्या दिवसासाठी कोणी शेगडी बांधत नाही. तुम्हाला बाहेर १० अंश असताना आत २० हवेत, म्हणजे फरक दहा अंशांचा. तुमच्या पत्र्यातून एका अंशाच्या फरकाला साधारण ११५ ते १२० वॅट उष्णता बाहेर जाते, विटांच्या भिंतींतून ८५, शटरमधून ४० आणि फटींतून येणाऱ्या-जाणाऱ्या हवेबरोबर ५०. बेरीज ३०० वॅटच्या आत-बाहेर. दहा अंशांसाठी तीन किलोवॅट. बस, एवढीच गरज आहे.

आता ड्रम बघा. दोनशे लिटरच्या ड्रमचा बाहेरचा पृष्ठभाग दोन चौरस मीटरच्या आसपास भरतो. तो पत्रा २५० अंशांपर्यंत तापला की दहा किलोवॅटहून जास्त उष्णता फेकतो. तुमच्या गॅरेजात अर्ध्या तासात शर्ट काढायची वेळ येईल. मग माणूस काय करतो? हवेची झडप बंद करतो. आग गुदमरते, लाकूड जळण्याऐवजी धुमसतं, धुराड्यात चिकट काळा थर बसतो, आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइड शिरायची वाट मोकळी होते. परदेशातल्या गॅरेजांसाठी ड्रमच्या शेगडीचे जे आराखडे फिरतात ते उणे दहा अंशांच्या थंडीसाठी आहेत. तिथे रात्रभर आग धरून ठेवायची असते. आपल्याकडे दुपारी पारा २८-३० वर जातो. तुम्हाला उष्णता हवीय सकाळी दोन-तीन तास. त्यामुळे पटकन तापणारी, लहान, खणखणीत ज्वाळेने जळणारी आणि नऊ वाजता आपोआप विझणारी शेगडी हवी. जुन्या घरांतला तांब्याचा बंब आठवा. मूठभर ढलप्या, मधोमध सरळ नळी, आणि दहा मिनिटांत घोंघावणारी आग. पुण्याच्या थंडीला तेवढ्याच जातीची आग पुरते.

शेगडीच्या आधी दोन कामं करा. पत्र्याखाली रॉकवूल घालून छत बंद केलं आणि शटरच्या आत ताडपत्रीचा किंवा जाड कॅनव्हासचा पडदा सोडला, तर तीन किलोवॅटची गरज दोनवर येते. हे मी आग्रहाने सांगतो, कारण मे महिन्यातही त्याचा तेवढाच उपयोग होतो. शेडसाठी मिळणारी चमकती बबल शीट वापरली तर ती धुराड्यापासून लांब ठेवा. आतलं प्लास्टिक आहे, पेटतं. थर्मोकोल तर नकोच. आणि डिंकाचं म्हणाल तर फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक दहा-बारा अंशांखाली नीट पडदा धरत नाही, वाळल्यावर सांध्यात खडूसारखा पांढरा दिसतो, तो सांधा कच्चा. त्यासाठी डिंकाची बाटली आणि जोडायची लाकडं रात्री घरात ठेवा. शेगडी हवा तापवते. थंडगार पडलेलं सागाचं लाकूड तापायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

आता शेगडी. तुमच्या कामाला बारा इंची एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंडी) पाइपचा दीड फुटी तुकडा उत्तम. भोसरीच्या भंगारवाल्यांकडे कापलेले तुकडे किलोवर मिळतात. भिंत पाच-सहा मिलिमीटर जाडीची बघून घ्या. जुन्या एअर कॉम्प्रेसरची टाकीही चालते, आतलं तेल-पाणी नीट धुऊन. पाइप आडवा ठेवला की आतलं आकारमान तीस लिटरच्या वर भरतं आणि बाहेरचा पृष्ठभाग अर्ध्या चौरस मीटरहून थोडा जास्त. एवढा पृष्ठभाग २५० अंशांना तीन किलोवॅट सहज देतो. म्हणजे गरज आणि शेगडी यांचं माप जुळलं, झडप आवळायची वेळच येणार नाही.

घरगुती गॅसचा सिलिंडर कापू नका. तो तुमचा नसतो, गॅस कंपनीचा असतो, आपण फक्त अनामत भरलेली असते. शिवाय रिकामा वाटणाऱ्या सिलिंडरात उरलेला गॅस ग्राइंडरच्या एका ठिणगीला पुरेसा असतो. तीच गोष्ट ड्रमची: आत थिनर, सॉल्व्हंट, तेल, काय होतं ते माहीत नसलेला ड्रम कापणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. शिसपेन्सिलीएवढं भोक पाडतानाही असे ड्रम फुटतात. ड्रमचा पत्राही जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर, दोन-तीन हंगामांत जळून चाळणी होतो. गॅल्व्हनाइज केलेलं, म्हणजे जस्ताचा थर चढवलेलं, काहीही भट्टीच्या भागात नको. जस्त ४२० अंशांना वितळतं, ९०७ ला उकळतं. वेल्डिंगच्या वेळी आणि नंतर निखाऱ्याजवळ त्याचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. आमच्या धंद्यात हा ताप सगळ्यांना माहीत आहे.

पाइपच्या दोन्ही तोंडांना सहा मिलिमीटरच्या प्लेट. पुढच्या प्लेटमध्ये साधारण वीस बाय अठरा सेंटिमीटरचं दार. दार कापताना मधलाच तुकडा दार म्हणून वापरू नका, ग्राइंडरच्या कापात फट राहते. दार वेगळं, चारी बाजूंनी दोन सेंटिमीटर मोठं घ्या. दाराच्या आतून पट्टीची खाच करून त्यात ग्लास फायबरची दोरी बसवा. हार्डवेअरच्या दुकानात कोणी अॅस्बेस्टॉसची दोरी पुढे केली तर घेऊ नका. कडी अशी करा की फिरवताना तिरप्या पट्टीवर चढेल आणि दार आवळत जाईल. दार घट्ट बसलं तरच हवा तुमच्या हातात राहते. ढिल्या दाराच्या शेगडीची झडप नुसती शोभेची.

तळाला अर्ध्या जाडीच्या भट्टीच्या विटा, फायरक्लेमध्ये बसवलेल्या. बाजूंना फक्त निखाऱ्यांच्या उंचीपर्यंत. सगळी शेगडी विटांनी भरू नका. वीट तापण्यातच तुमची सकाळ जाईल. जाळी लावायचीच असं नाही. कोळशाला खालून हवा लागते. लाकूड मात्र राखेच्या दोन बोटं थरावर, समोरून येणाऱ्या हवेत छान जळतं. मी तर जाळीऐवजी राखेचा थर पसंत करतो. निखारे टिकतात आणि तळ जळत नाही.

यापुढचा भाग बरेच जण वगळतात, आणि तिथेच निम्मी उष्णता धुराड्यातून निघून जाते. लाकूड तापलं की दोनशे-अडीचशे अंशांपासून त्यातून वायू सुटायला लागतात. लाकडाच्या वजनाचा बहुतेक भाग असा वायू होऊनच निघतो, निखारा उरतो तो थोडा. हे वायू पेटायला सहाशे अंशांच्या आसपासची उष्णता आणि ताजी हवा, दोन्ही एकाच जागी लागतात. नाहीतर ते न जळता वर जातात, आणि आपण त्याला धूर म्हणतो. म्हणून शेगडीच्या आत वरून आठ सेंटिमीटर सोडून एक आडवी प्लेट ठेवा, साधारण सव्वीस सेंटिमीटर रुंद, सहा मिलिमीटर जाड. मागून बंद, पुढे दाराच्या बाजूला पाच सेंटिमीटरची फट. धुराड्याचं भोक मागच्या बाजूला, वर. मग ज्वाळेला आधी पुढे यावं लागतं, प्लेटला वळसा घालून पुन्हा मागे जावं लागतं. ही प्लेट वेल्ड करू नका, नुसती कोनांवर टेकवा. ती वाकते, जळते, बदलावी लागते.

त्या प्लेटच्या अगदी खाली दोन्ही बाजूंना एक इंची काळे (जस्त न चढवलेले) पाइप घाला, मागच्या प्लेटमधून बाहेर हवेला उघडे, पुढचं तोंड बंद. प्रत्येकाला आतल्या बाजूने सहा मिलिमीटरची पंधरा भोकं. पाइपमधून येणारी हवा वाटेत तापते आणि बरोबर वायूंच्या तोंडावर सुटते. शेगडी नीट तापली की या भोकांपाशी गॅसच्या बर्नरसारख्या ज्योती दिसतात. त्या दिसल्या की समजा काम जमलं. खालच्या हवेसाठी दाराच्या तळाशी सरकती झडप, उघडी असताना एकूण वीस चौरस सेंटिमीटर. वरच्या पाइपांना झडप लावू नका.

धुराड्याकडे मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण शेगडी ओढते ती धुराडंच ओढतं. चार मीटरचं सरळ धुराडं, आत दोनशे अंशांचा धूर, बाहेर दहा अंशांची हवा, तर मिळणारी ओढ जेमतेम अठरा पास्कल. पास्कल हे दाबाचं माप; ही ओढ म्हणजे दोन मिलिमीटर उंच पाण्याच्या दाबाएवढीही नाही. एवढ्याशा ताकदीवर सगळा धूर बाहेर जायचा असतो. त्यात तुम्ही दोन काटकोन आणि सहा फुटांचा आडवा पाइप घातलात तर ती ओढ तिथेच संपते, पाइप थंड होतो, धूर दारातून खोलीत येतो. शटरच्या फटीतून पाइप काढायला मी नाही म्हणतो ते यासाठी. शेगडीतून निघून सरळ वर पत्र्याबाहेर, ही एकच चांगली वाट. वळण द्यावंच लागलं तर दोन, तीही पंचेचाळीस अंशांची.

व्यास चार इंच. सहा इंची पाइप घेतला तर धूर त्यात रेंगाळतो आणि गार होतो. पाइप पत्र्याच्या आत एमएसचा काळा, सोळा गेजचा. पत्र्याच्या वर ३०४ स्टेनलेस. हॉटेलांच्या किचनचं काम करणारे स्टेनलेसचे फॅब्रिकेटर हे तुकडे बनवून देतात. तुकडे जोडताना वरच्या पाइपचं तोंड खालच्याच्या आत जायला हवं. उलटं जोडलं की आत बसलेलं डांबर सांध्यातून बाहेर ओघळतं आणि पाइपवर काळे, दुर्गंधी ओघळ येतात. धुराड्यात पूर्ण बंद होणारी झडप नको. घालायचीच असेल तर तिचा पाव भाग कापून टाका, म्हणजे चुकून बंद राहिली तरी वायूला वाट राहील.

उंचीचा नियम फुटांत लक्षात ठेवायला सोपा आहे: पत्र्यातून निघाल्यावर किमान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्या दोन फूट वर. इथे तुमची खरी अडचण आहे. गॅरेज बंगल्याला लागून आहे. बंगल्याच्या भिंतीजवळ धुराडं काढलं तर ते गच्चीच्याही वर न्यावं लागेल, नाहीतर भिंतीवर आपटलेला वारा धूर परत खाली ढकलेल आणि तुमच्याच बेडरूमच्या खिडकीत घालेल. म्हणून शेगडी बंगल्यापासून लांबच्या कोपऱ्यात ठेवा आणि टेपने मोजा: धुराडं ते बंगल्याची भिंत, धुराडं ते शेजाऱ्यांची खिडकी. दोन्हीकडे दहा फूट मिळत नसतील तर शेगडीचा नाद सोडा आणि कामाच्या टेबलावर रोखलेला दीड किलोवॅटचा विजेचा रेडियंट हीटर लावा. हे मी मनापासून सांगतोय. सोसायटीत, वाड्यात, पेठांमधल्या दाटीत लाकडाची शेगडी लावू नये. हिवाळ्यात पहाटे पुण्याची हवा स्थिर असते, थंड थर खाली बसतो आणि धूर वर जायचं नावच घेत नाही. आपल्या उबेसाठी शेजारच्या दमेकऱ्याला त्रास देण्याचा हक्क आपल्याला नाही.

पत्रा कुठला आहे ते वर चढून बघा. लोखंडी असेल तर ठीक. भोक पाडून वर पत्र्याची झालर आणि टोपी. राखाडी सिमेंटचा जुना पत्रा असेल तर त्याला ग्राइंडर लावू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असतं आणि ते तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. तो एक पत्रा अखंड काढून तिथे लोखंडी पत्रा घाला आणि त्यातून धुराडं न्या. जुने अॅस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप धुराड्याला वापरलेले अजून दिसतात, तेही नकोत. आत आग लागली की ते तडकून उडतात. धुराड्याच्या टोकाला छत्री आणि बारा मिलिमीटरची जाळी लावा. त्याहून बारीक जाळी काजळीने भरते. पत्र्याच्या वर पाइप पाच फुटांहून जास्त असेल तर तारांचे ताण द्या.

अंतरं पाळा. शेगडीपासून लाकूड, पडदा, कपाट, काहीही जळणारं तीन फूट लांब. उघड्या पाइपपासून दीड फूट. खाली शहाबादी फरशी असेल तर उत्तम, फक्त शेगडीला आठ इंचांचे पाय द्या, फरशीवर टेकवू नका, तापून तडकते. दारासमोर दीड फूट जागा मोकळी. सुतारकामाच्या खोलीत हा दीड फूट रोज झाडावा लागतो, कारण रंध्याच्या ढलप्या घरंगळत तिथेच येतात.

आता तुमच्या प्लाय-एमडीएफकडे वळतो. त्यातला डिंक फॉर्मल्डिहाइडचा असतो, वर सनमायका, कडेला पीव्हीसीची पट्टी. ती पट्टी जळली की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं; ते तुमच्या छातीलाही खातं आणि धुराड्यालाही. जुन्या दारा-खिडक्यांचं रंगवलेलं लाकूड नको, जुन्या रंगात शिसं असायचं. हिरवट दिसणारं, वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड नको. कण्हेरीची फांदी चुकूनही नको, तिचा धूर विषारी आहे. पॅकिंगचे पाइनचे खोके चालतात, पण शिक्का बघा: एचटी म्हणजे नुसतं तापवलेलं, ते घ्या, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते ठेवून द्या. बाकी साग, साल, आंबा, बाभूळ, सुबाभूळ, तुमच्याच कामातले स्वच्छ तुकडे आणि टिंबर मार्केटातल्या वखारीतून मिळणारी कटिंगची छाट, यातून तुमचा हंगाम निघेल. कुंपणातलं झाड सरपणासाठी तोडायचा विचार असेल तर थांबा. शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

लाकूड कुठलं यापेक्षा ते किती वाळलंय हे महत्त्वाचं. ओलावा वीस टक्क्यांच्या आत हवा. वाळलेल्या लाकडाच्या किलोतून चार युनिट उष्णता मिळते. ओल्या लाकडाची बरीचशी उष्णता स्वतःचं पाणी उकळण्यातच जाते, आग थंड पडते आणि धूर होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये फोडून सावलीत, हवेशीर रचलेलं लाकूड मेअखेर छान वाळतं. खरी परीक्षा त्यानंतरची: जून ते सप्टेंबर त्याला झड लागू द्यायची नाही. वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. पिनांचं ओलावा मोजायचं यंत्र तुमच्याकडे असेलच. ओंडका नव्याने फोडून आतल्या बाजूला पिना टोचा, बाहेरून मोजलेला आकडा फसवा असतो. घरी बनवलेली शेगडी लाकडातली साधारण निम्मी उष्णता खोलीत देते असं धरा. म्हणजे तीन किलोवॅटला तासाला दीड किलो लाकूड. सकाळच्या तीन तासांना चार-पाच किलो.

तुमच्या वर्कशॉपमध्ये भुशाचा कलेक्टर आणि एक्झॉस्ट पंखा आहे, असं गृहीत धरतो. हा धोका फार थोड्यांच्या लक्षात येतो. तासाला दीड किलो लाकूड जळायला पंधरा घनमीटरच्या आसपास हवा लागते, ती फटींतून सहज येते. पण बाहेर हवा फेकणारा पंखा किंवा कलेक्टर तासाला हजार घनमीटर ओढू शकतो. शटर बंद असेल तर तो ती हवा मिळेल तिथून ओढणार, आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे तुमचं धुराडं. धुराडं उलटं वाहायला लागतं. आग पेटलेली असताना बाहेर फेकणारा पंखा चालू करू नका, किंवा शटर फूटभर वर ठेवा. शेगडीजवळच्या भिंतीत, जमिनीलगत चार इंची जाळीदार भोक कायमचं ठेवा.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि माणूस उठत नाही. दर हिवाळ्यात खोली बंद करून घमेल्यात कोळसे घेऊन झोपलेल्या माणसांच्या बातम्या येतात. त्यात बहुतेक वॉचमन आणि मजूर असतात. तुमच्याकडे धुराडं आहे म्हणून तुम्ही सुटलात असं नाही. ज्वाळा विझल्यावर निखारे धुमसत असतात तेव्हा धुराडं गार होत जातं आणि हा वायू सर्वांत जास्त निघतो. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या, श्वासाच्या उंचीवर लावा, दर महिन्याला बटण दाबून तपासा. शेगडीसाठी तुम्ही जे काही विकत घ्याल त्यात हा पहिला. दुसरं, एबीसी पावडरचं अग्निशामक, दाराजवळ. शेगडीजवळ ठेवलंत तर आगीच्या वेळी हात पोचणार नाही.

पॉलिश आणि आग एका खोलीत कधीच नाही. एनसी, मेलामाइन, पीयू, सगळ्यांच्या थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, फरशीवरून सरपटत जाते आणि शेगडीच्या हवेच्या भोकात शिरते. पॉलिश करायचं त्या दिवशी शेगडी पेटवायची नाही. डबे बाहेरच्या कपाटात. याच कारणासाठी दुचाकीसुद्धा आत लावू नका. आणि सँडिंग करताना हवेत बारीक भुसा तरंगत असेल तर आग विझलेली असू द्या. भुशाची मूठ शेगडीत टाकायचा मोह टाळा. उडालेला भुसा भडकतो, ज्वाळा दारातून चेहऱ्यावर येते.

शेगडी तयार झाली की पहिल्यांदा अंगणात पेटवा, तात्पुरता पाइप लावून. सहाशे अंशांपर्यंत टिकणारा अॅल्युमिनियमचा रंग दिला असेल तर तो दोन-तीन लहान आगींत पक्का होतो, आणि त्या वेळी जो घाण वास सुटतो तो बाहेरच गेलेला बरा. वेल्डिंगचे सांधेही अंधारात तपासा. आत टॉर्च ठेवून बाहेरून प्रकाश दिसतो का बघा.

रोज पेटवताना जाड लाकडं खाली, मनगटाएवढी दोन-तीन, त्यावर बोटाएवढ्या काड्या, सगळ्यात वर ढलप्या, आणि काडी वरून लावा. आग वरून खाली उतरते, वायू ज्वाळेतूनच जातात, धूर जवळजवळ होत नाही. पहिली दहा मिनिटं हवेची झडप पूर्ण उघडी. त्या आधी धुराड्याच्या तोंडाशी कागदाचा एक बोळा जाळला तर गार पाइप लगेच ओढायला लागतो. पुढे दर अर्ध्या-पाऊण तासाने एक किलोच्या आत लाकूड घाला. भरपूर कोंबून झडप आवळायची नाही. उब कमी हवी तर लाकूड कमी घाला. बाहेर जाऊन धुराड्याकडे बघत चला: पेटल्यावर पंधरा मिनिटांनी टोकाशी नुसती हवा थरथरताना दिसायला हवी. निळसर-पांढरा धूर दिसत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा हवा कमी पडतेय. नऊ वाजता बंद करायचं तर साडेआठनंतर लाकूड घालू नका. निखारे पूर्ण विझेपर्यंत झडप उघडी आणि शटरही थोडं उघडं.

राख पत्र्याच्या झाकणाच्या बादलीत, बाहेर दगडावर, दोन दिवस. राखेत निखारा किती वेळ जिवंत राहतो याची कल्पना नसते लोकांना. ती गरम राख घंटागाडीत गेली तर गाडी पेटते. नंतर ती बागेत घाला.

हंगामात दोनदा धुराडं ब्रशने साफ करा. आतला थर कोरडा, भुरभुरीत असेल तर तुमची आग बरोबर जळतेय. चकचकीत, डांबरासारखा असेल तर वापर थांबवा, कारण तो थर पेटला की पाइप लाल होतो आणि छतापर्यंत आग जाते. तसं झालंच तर दार आणि झडप दोन्ही बंद करायच्या, सगळ्यांना बाहेर काढायचं आणि १०१ ला फोन करायचा. पाइपवर पाणी मारायचं नाही.

आपल्याकडे या शेगड्या आगीपेक्षा पावसानेच जास्त मरतात. तिचं काम फेब्रुवारीत संपतं आणि जूनमध्ये तिरपा पाऊस छत्रीखालून आत शिरतो. आत राहिलेली राख ओली झाली की तिचा क्षार होतो आणि सहा मिलिमीटरची प्लेटसुद्धा पोखरतो. म्हणून मार्चमध्ये राख पूर्ण काढा, आतून कोरडा ब्रश मारा, तेलाचं फडकं फिरवा. पत्र्याच्या वरचा पाइप जोडापासून काढून आत ठेवा आणि भोकावर टोपण बसवा. त्यासाठी धुराडं बांधतानाच पत्र्याच्या थोडं वर बोल्टचा एक जोड ठेवलेला असू द्या. डिसेंबरात पाइप परत चढवताना त्यातून आरपार बघा, एखाद्या पाखराने घरटं केलेलं असतं. दाराची दोरी चिमटीत दाबून बघा, कडक झाली असेल तर बदला, आणि अलार्मची बॅटरी नवीन घाला.